फोचा वाडगा आणि सावजीचा रस्सा : दोन विणकर शहरांची गोष्ट

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाची ही लिखित आवृत्ती. बोलण्यातली दोन-चार वाक्यं गाळली आहेत, एक-दोन तारखा नीट घातल्या आहेत. बाकी जसं बोललो तसंच.)



आजची गोष्ट नागपूरचीच आहे, पण ती सुरू होते मुंबईत, वांद्र्यात. ऑफिसच्या कामासाठी चार दिवस तिकडे होतो. शेवटच्या रात्री टीमने एका व्हिएतनामी रेस्टॉरंटमध्ये नेलं. बाहेर रिक्षांचे हॉर्न, दारात नाव लिहून अर्धा तास उभं राहायचं, आत टेबलाला टेबल चिकटलेलं. मी मनीषनगरचा माणूस. आमच्याकडे रात्री दहाला कुटुंबासकट जेवायला निघालं तरी जागा मिळते. असो.

मी फो मागवला. फो म्हणजे तांदळाच्या शेवया, वर पातळ कापलेलं मांस, कांद्याची पात, आणि या सगळ्यावर उकळता, जवळजवळ पारदर्शक रस्सा. माझा चिकनचा होता. वाडगा समोर आला, वाफ नाकात गेली, आणि मला पहिल्यांदा आठवलं ते व्हिएतनाम नाही, आमचं पाचपावलीचं जुनं घर. चक्रफूल, दालचिनी, मोठी वेलची, आणि भाजून काळा केलेला कांदा. चव वेगळी, तिखट तर अजिबात नाही, पण वास ओळखीचा.

समोरच्या सहकाऱ्याने विचारलं, "तुमच्या नागपूरचं काय फेमस आहे रे?" मी म्हटलं, "सावजी." तो म्हणाला, "हां, ते खूप तिखट असतं ते. पण कुठून आलं ते? केव्हापासून आहे?"

आता बघा, मी इतिहासाचा पॉडकास्ट करतो. फो कुठून आला हे मी त्याला तिथल्या तिथे दहा मिनिटं सांगितलं असतं. आणि ज्या रश्शावर मी वाढलो, त्याबद्दल माझ्याकडे एक वाक्य होतं : "हलबा कोष्टी लोकांचं जेवण आहे, खूप जुनं आहे." बस. म्हणून हा भाग.

आधी तो फॉरवर्ड

मराठी माणसाला व्हिएतनाम म्हटलं की एक फॉरवर्ड हमखास येतो. व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं ते शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्यावरून प्रेरणा घेऊन, तिथले मंत्री रायगडावर येऊन माती घेऊन गेले, वगैरे. तुम्हालाही आला असेल. त्याच्याखाली पुरावा कधीच जोडलेला नसतो, तेव्हा त्याच्यावर मी वेळ घालवत नाही. महाराजांना असल्या फॉरवर्डची गरजही नाही.

पण गनिमी कावा आणि फो यांची एक खरी गोष्ट आहे. १९६८ साली तेत, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या वेळी, सायगाववर जो मोठा हल्ला झाला, त्यासाठी बंडखोरांच्या एका तुकडीचं गुप्त ठाणं एका फोच्या दुकानाच्या माडीवर होतं. दुकानाचं नाव फो बिन्ह. 'बिन्ह' म्हणजे शांतता. खाली अमेरिकन सैनिकही येऊन फो खात होते आणि वर त्यांच्यावरच्या हल्ल्याची आखणी चालली होती.

फो वाटतो तितका जुना नाही

आपल्याला वाटतं की राष्ट्रीय पदार्थ म्हणजे हजार वर्षं जुना असणार. फो तसा नाही. एकोणिसाव्या शतकाचा शेवट आणि विसाव्याची सुरुवात, एवढंच त्याचं वय. म्हणजे तो आपल्याकडच्या रेल्वेपेक्षा लहान आहे.

जन्म उत्तर व्हिएतनाममधला. १८८० च्या दशकात फ्रेंचांनी तो भाग ताब्यात घेतला. व्हिएतनामी शेतकऱ्यासाठी बैल आणि रेडा म्हणजे नांगर ओढणारं जनावर, रोज खायची वस्तू नव्हे. फ्रेंच अधिकारी आणि सैनिकांना मात्र गोमांस लागायचं. कत्तलखाने वाढले. चांगलं मांस साहेबांकडे जायचं आणि हाडं उरायची. ही हाडं स्वस्तात घेऊन कोणीतरी रात्रभर उकळत ठेवली. त्यात दक्षिण चीनमधून आलेल्या लोकांची शेवयांची आणि मसाल्याची पद्धत मिसळली. झाला फो.

नावाबद्दल दोन मतं आहेत. एक म्हणतं, फ्रेंचांच्या 'पोतोफ' नावाच्या रश्शातल्या शेवटच्या 'फ' वरून. दुसरं म्हणतं, गोमांस आणि तांदळाच्या शेवया यांच्या चिनी नावातला शेवटचा शब्द 'फन', तो फेरीवाल्यांच्या आरोळीत घासून घासून 'फो' झाला. मला दुसरं जास्त पटतं. आरोळीत शब्द कसे झिजतात ते आपल्या गल्लीत भाजीवाला आला की रोज ऐकतो आपण. आणि हो, उच्चार खरं तर 'फो' असा नाहीच. 'फ' म्हणायचा आणि शेवटी सूर प्रश्न विचारल्यासारखा वर न्यायचा. त्यांच्या भाषेत त्या सुराच्या खुणेचं नावच 'विचारणं' असं आहे.

सुरुवातीचे फो विकणारे दुकानात बसत नव्हते. खांद्यावर कावड. एका बाजूला चूल आणि रश्शाचं भांडं, दुसऱ्या बाजूला शेवया, वाडगे, मांस. पहाटे आणि रात्री फिरायचं.

नाम दिन्ह नावाचं शहर

आता इथे गोष्ट आपल्या जवळ येते. फोवर हनोई हक्क सांगतं, पण हनोईच्या दक्षिणेला साधारण ९० किलोमीटरवर नाम दिन्ह नावाचं शहर आहे, ते म्हणतं फो आमचा. तिथल्या वान कू गावातली अनेक घरं पिढ्यान्‌पिढ्या फोच करतात. याच गावचे लोक कावडी घेऊन हनोईत गेले आणि त्यांनी तिथे दुकानं थाटली.

नाम दिन्हची ओळख काय? कापड. भोवतालच्या गावांत रेशीम आणि सूत विणायची जुनी परंपरा. तिथे फ्रेंच भांडवलावर कापड गिरणी उभी राहिली आणि ती वाढत वाढत फ्रेंच इंडोचायनातल्या सगळ्यात मोठ्या गिरण्यांपैकी एक झाली. हजारो कामगार. १९३० च्या मार्चमध्ये या कामगारांनी केलेला संप व्हिएतनामच्या कामगार चळवळीत आजही सांगितला जातो.

गिरणी म्हणजे पाळी. पाळी म्हणजे अवेळी लागणारी भूक. पहाटे कामावर जाणाऱ्याला आणि रात्री सुटणाऱ्याला गरम, पोटभरीचं, झटपट आणि परवडणारं काय मिळेल? दारात उभी असलेली कावड. फोचे सुरुवातीचे गिऱ्हाईक म्हणून गिरणी कामगार आणि सैनिक यांचीच नावं येतात. आज वांद्र्यात आपण ज्याला 'फाइन डायनिंग' म्हणतो, तो मुळात पाळी बदलतानाचा नाश्ता होता.

विणकर, परकी सत्ता, गिरणी, स्वस्त हाडं, पातळ रस्सा. हे वाचताना मला सारखं वाटत होतं की हे शहर आपण बघितलंय.

१८५४ ते १८७७ : नागपूर

नागपुरात भोसल्यांच्या काळात विणकरांना आश्रय मिळाला. दरबार होता, सरदार होते, लुगडी-धोतरं-पागोटी घेणारे हात होते. नागपुरी काठाचं नाव होतं. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारसाविना गेले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केलं. विणकरांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक एका हुकुमात संपलं.

१८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपुरात आली. मधल्या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे विलायतेला तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. तीच रेल्वे इथला कापूस बाहेर नेऊ लागली आणि गिरणीचं स्वस्त कापड आत आणू लागली.

मग जमशेटजी टाटा आले. मुंबईचे भांडवलवाले म्हणत होते की गिरणी काढायची तर मुंबईत, नागपुरात कोण जातं. जमशेटजींचा हिशेब सरळ होता : कापूस जवळ, कोळसा जवळ, बाजार जवळ. १८७४ मध्ये कंपनी झाली. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन भरून काढून तिथे बांधकाम झालं. जुम्मा तलाव म्हणजे शुक्रवारी तलाव, आताचा गांधीसागर. १ जानेवारी १८७७ ला व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, त्याच दिवशी गिरणी सुरू झाली, म्हणून नाव एम्प्रेस मिल.

मिलमध्ये दलित, कुणबी, कोष्टी, मुसलमान, सगळ्या वस्त्यांतले लोक कामाला गेले. पण हलबा कोष्टींची पुष्कळ घरं मागावरच राहिली. पाचपावली, गोळीबार चौक, टिमकी, तांडापेठ, या भागात घराघरात खड्डामाग. आता मिलचं सूत आणायचं आणि घरी विणायचं. पुरुष मागावर, बाया रहाटावर कांड्या भरतायत, म्हातारी ताण्याला खळ लावतेय. एका साडीला अख्खं घर लागायचं. मजुरी साडीवर. साडी दिली की पैसे, नाही दिली की नाही.

रश्शाचं अर्थशास्त्र

आता सावजी रस्सा समोर ठेवून बघा. ज्यांनी खाल्लाय त्यांना माहीत आहे. तो दाट नसतो. वर लाल-काळी तर्री, खाली पातळ, काळपट रस्सा, त्यात मटणाचे दोन-तीन तुकडे आणि बाजूला ज्वारीची भाकरी. मेनूत काय असतं? मटण तर आहेच, पण खूर, भेजा, कलेजी, सुंडी म्हणजे आतडी. मटण परवडत नसेल तर पाटोडी रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्या त्याच मसाल्यात. नाहीतर डाळ-कांदा. मोठ्या लोकांनी सोडलेले भाग, आणि मांस नसतानाही मांसाच्या जेवणाचं समाधान देणारी भाजी.

हेच तर नाम दिन्हमध्ये झालं होतं. उरलेलं घ्यायचं, वेळ आणि मसाला त्यात ओतायचा आणि पाण्याने वाढवायचं. मांस सगळ्यांना पुरत नाही, रस्सा पुरतो.

फरकही आहेत, ते झाकायचे नाहीत. फोमध्ये मसाला अख्खा टाकतात आणि गाळून काढतात, वास ठेवायचा आणि रस्सा नितळ. सावजीत कांदा, सुकं खोबरं, खसखस, दगडफूल, शहाजिरं, मोठी वेलची भाजून पाट्यावर काजळासारखं वाटतात. पूर्वी जवसाच्या तेलात करायचे. फो रस्त्यावर जन्मला, सावजी घरात. फोला पहिल्या दिवसापासून गिऱ्हाईक होतं, सावजीला खाणारे घरचेच होते. हा शेवटचा फरक लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येऊ.

आणि एक गंमत. इतवारीत मस्कासाथला मसाल्याच्या दुकानात जा आणि चक्रफूल कुठलं आहे विचारा. भारतात येणाऱ्या चक्रफुलाचा मोठा वाटा व्हिएतनामचा असतो, उत्तरेकडच्या लांग सन प्रांतातला. जाड सालीची दालचिनी आपण कैक वेळा वापरतो, तीही बरीचशी तिकडूनच येते. म्हणजे मला वांद्र्यात जो वास ओळखीचा वाटला, तो नुसता भास नव्हता. व्हिएतनाम आमच्या पाट्यावर केव्हाचं आलेलं होतं, फक्त कोणी सांगितलं नव्हतं.

फोला लिहिणारे भेटले

फोचं पुढचं आयुष्य म्हणजे त्या देशाचाच इतिहास आहे. असं सांगतात की १९३९ च्या सुमारास आठवड्यातले दोन दिवस गोमांस विक्रीला बंदी आली, तेव्हा कोंबडीचा फो रुळला. म्हणजे मी खाल्लेला चिकन फो हाही एका बंदीतूनच आलेला. १९५४ मध्ये जिनिव्हा करार झाला, देशाचे दोन तुकडे झाले, आणि आठ ते दहा लाख माणसं उत्तरेतून दक्षिणेत गेली. त्यांच्याबरोबर फो सायगावला गेला. तिथे त्यात मोड आलेले मूग, तुळशीच्या जातीची पानं, लिंबू, गोडसर सॉस आलं. हनोईवाले अजून नाक मुरडतात. आपल्याकडे पोह्यावर तर्री घालायची म्हटलं की पुणेकर मुरडतात तसंच.

उत्तरेत युद्धाच्या आणि रेशनच्या काळात सरकारी दुकानांत मांस नसलेला फो मिळायचा. लोकांनी त्याला नाव दिलं 'बिनपायलटचा फो', कारण तेव्हा अमेरिकेची माणूस नसलेली टेहळणी विमानं वर घिरट्या घालायची. १९७५ नंतर निर्वासित होऊन जे अमेरिका, फ्रान्स, ऑस्ट्रेलियाला गेले, त्यांनी तिथे पोटासाठी फोची दुकानं काढली. जगाला फो माहीत झाला तो त्यांच्यामुळे. वांद्र्यापर्यंत आला तोही याच वाटेने.

पण मला हेवा वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. १९५७ मध्ये न्विएन तुआन नावाच्या मोठ्या लेखकाने फो या एका विषयावर अख्खा निबंध लिहिला. त्याच्या आधी थाक लाम याने हनोईच्या गल्ल्यांतल्या खाण्यावर लिहून ठेवलं होतं. २०२४ मध्ये हनोईचा आणि नाम दिन्हचा फो त्यांच्या सरकारने राष्ट्रीय वारशाच्या यादीत घातला. म्हणून मी मुंबईत बसून फोवर दहा मिनिटं बोलू शकलो असतो.

आणि आपल्याला?

एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली. १८७७ ते २००२, सव्वाशे वर्षं. त्या जागेवर आता मॉल आहे. मी तिथे कॉलेजात असताना सिनेमे बघितलेत आणि एकदाही डोक्यात आलं नाही की आपण कुठे बसलोय. नाम दिन्हची जुनी गिरणीही गेल्या दशकात पाडली आणि तिथे नवी वसाहत आखली. इथेही सारखेपणा सुटला नाही.

हातमाग त्याच्या आधीच मंदावले होते. यंत्रमागाची साडी स्वस्त, मजुरी परवडेना. माग विकले की घरात उरतं काय? पाटा, वरवंटा आणि हात. कितीतरी कोष्टी घरांनी पुढच्या खोलीत दोन बाकं टाकली आणि 'सावजी भोजनालय' अशी पाटी लावली. आज ती पाटी शहरभर आहे. वर्धा रोडवर आहे, आमच्या मनीषनगरात आहे, पुण्या-मुंबईत आहे, आणि चालवणारा कोष्टीच असतो असंही नाही. त्याला माझी तक्रार नाही. पदार्थ पसरतो तो असाच. पण पाटी पसरली आणि मागचा माग कोणाच्या लक्षात नाही. लोकांना आठवतं ते एवढंच : तिखट लागतं, नाकातून पाणी येतं.

मुंबईहून परत आलो आणि आजीसमोर फोन रेकॉर्डिंगला ठेवला. आजी पंचवीस वर्षं मागाच्या घरात राहिली, मग आमच्याबरोबर मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये आली. माग विकला, पाटा आणला. तो गॅलरीत आहे, त्याच्यावर सध्या कुंडी ठेवलीय. मी विचारलं, "आजी, आपलं सावजी जेवण केव्हापासनं आहे?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "कायचं सावजी जेवण बाप्पा? आमी त भाजीच म्हनत होतो. मटनाची भाजी. सावजी त मानसाले म्हनत."

खरंच. 'सावजी' हे समाजात एकमेकांना मानाने हाक मारायचं संबोधन. माणसाची हाक होती, ती पाटीवर गेली आणि पदार्थाचं नाव झाली. घरात होता तोवर त्या रश्शाला नाव लागलंच नाही. नाव लागतं ते विकायला बाहेर पडल्यावर, परक्या माणसाला सांगायला. फोचंही तेच झालं असावं, आरोळीतून नाव आलं. फरक इतकाच की फो पहिल्या दिवसापासून रस्त्यावर होता, म्हणून त्याचा इतिहास लोकांच्या समोर घडला आणि लिहिला गेला. आपला रस्सा कितीतरी वर्षं बिननावाचा स्वयंपाकघरात होता, आणि जुनी कागदपत्रं स्वयंपाकघरात डोकावत नाहीत. तो इतिहास फक्त तिथे बसणाऱ्यांकडे आहे. त्यातली माझी आजी एक.

मग तिने पाऊण तास सांगितलं. साडी पोचवून पैसे आले की त्याच दिवशी मटण, एरवी डाळ-कांदा. आजोबा मागाच्या खड्ड्यातून उठायच्या आत भाकरी थापायला घ्यायची. तुकडे मोजून वाढायचे, रस्सा न मोजता. मी विचारलं इतका पातळ का करायचा? ती म्हणाली, "घरात अकरा मानसं होते ना."

मंडळी, एवढंच आजचं. तुमच्यापैकी कोणाच्या घरी पाचपावली, टिमकी, तांडापेठ, उमरेड, पवनी इकडचे जुने विणकर असतील, मिलमध्ये पाळी केलेलं कोणी असेल, तर या रविवारी त्यांच्याशेजारी बसा आणि फोन रेकॉर्डिंगला लावा. "रेसिपी सांगा" असं विचारू नका. "त्या दिवशी किती जण जेवायला होते" असं विचारा. बाकीचं आपोआप येतं.

मी पाट्यावरची कुंडी हलवली आहे. पुढच्या भागात भेटू.